हललेल्या पानाचा नवा पत्ता

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घेऊन इंदापूर तालुक्याचे आग्नेय टोक पाहिले, तर तेथे नरसिंहपूर सापडते. नीरा नदी येथे भीमेला मिळते. दोन्ही नद्या जिल्ह्याची हद्दच आखतात, त्यामुळे गावातून कोणतीही नदी ओलांडली तरी माणूस सोलापूर जिल्ह्यात पोचतो. संगमावरच्या लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळामुळे गावाचे नाव दूरदूर माहीत आहे. १८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा अठरावा खंड तीन भागांत निघाला. त्यातल्या स्थळवर्णनात या गावाची नोंद ‘नरसिंगपूर’ अशी आहे.

ज्या ग्रंथालयात तो भाग असेल तेथे ही नोंद १८८५ साली ज्या पृष्ठावर छापली त्याच पृष्ठावर आजही आहे. पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले, तर ग्रंथपाल फक्त तालिकेतल्या कार्डावर दुरुस्ती करतो. वाचकाने आपल्या टिपणवहीत ‘खंड १८, भाग ३, पृष्ठ अमुक’ असे लिहून ठेवले असेल, तर त्याला काहीच बदलावे लागत नाही. पुस्तकाची ओळख आणि पुस्तकाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून हे जमते.

इंटरनेटवरील पानाचे मात्र तसे नाही. त्याचा पत्ता हीच त्याची ओळख आणि तीच त्याची जागा. पत्त्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग कोणत्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, जायचे ते सांगतो. दुसरा भाग त्या सर्व्हरवर कोणते पान मागायचे ते सांगतो. आपण गावाचे नाव आणि मग घर क्रमांक लिहितो, तसेच हे. यांपैकी काहीही बदलले की जुना पत्ता निकामी होतो, आणि तो पत्ता ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवला असेल त्या सर्वांच्या वह्या एका क्षणात चुकीच्या ठरतात.

याच गॅझेटियरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाने जुने जिल्हा गॅझेटियर इंटरनेटवर आणले, ही फार मोलाची गोष्ट झाली. ही पाने बराच काळ सांस्कृतिक खात्याच्या ‘कल्चरल डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ या पत्त्याखाली होती. गावांविषयी लिहिणाऱ्या कितीतरी लोकांनी, विशेषतः विकिपीडियाच्या लेखकांनी, तळटिपांत हाच पत्ता उतरवला. पुढे गॅझेटियरला ‘गॅझेटियर्स डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असा स्वतंत्र पत्ता मिळाला. या नव्या पत्त्याखालच्या जुन्या पानांचे पत्ते नीट वाचले तर एक गमतीची गोष्ट दिसते. नव्या सर्व्हरच्या नावानंतर तिरकी रेघ, आणि त्यापुढे जुन्या सर्व्हरचे संपूर्ण नाव एखाद्या फोल्डरसारखे आलेले असते! खडकात शंख सापडला की येथे कधीकाळी समुद्र होता असे भूशास्त्रज्ञ म्हणतो. त्याच न्यायाने येथे असा तर्क करता येतो की कोणीतरी संपूर्ण जुन्या स्थळाची प्रत उतरवून घेतली आणि ती फोल्डरच्या नावासकट नव्या जागी ठेवली. संकेतस्थळाची प्रत काढणाऱ्या काही प्रोग्रॅमची अशी नावे ठेवण्याची पद्धतच आहे.

पाने वाचली, हे उत्तमच. पण ज्याच्याजवळ जुना पत्ता आहे त्याचे काय? नवा पत्ता त्याला कोण सांगणार? तळटीप लिहिणाऱ्याला पान हलल्याचे कळत नाही. वाचकाला तर ते पान कधी होते की नव्हते हेही ठाऊक नसते. ही माहिती फक्त एकाजवळ असते, ज्याने पान हलवले त्याच्याजवळ.

आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो तेव्हा ब्राउझर सर्व्हरला एक छोटा निरोप पाठवतो : ‘मला अमुक पान दे.’ सर्व्हर उत्तर देतो. या उत्तराच्या पहिल्याच ओळीत तीन अंकी संख्या असते. आपल्याला ती सहसा दिसत नाही, कारण ती ब्राउझरसाठी असते. २०० म्हणजे ‘पान आहे, हे घे’. ४०४ म्हणजे ‘असे पान माझ्याकडे नाही’. ही एकच संख्या लोकांच्या ओळखीची झाली, कारण ती वारंवार पडद्यावर येते. ३ ने सुरू होणाऱ्या संख्यांपैकी आपल्या कामाच्या संख्यांचा अर्थ ‘येथे नाही, पण कोठे आहे ते सांगतो’ असा होतो. अशा उत्तरात सर्व्हर नवा पत्ताही लिहून देतो. ब्राउझर तो वाचतो आणि आपल्याला न विचारता नव्या पत्त्यावर जाऊन पान आणतो. पत्त्याच्या पट्टीत अक्षरे बदललेली दिसतात, एवढीच काय ती खूण.

पोस्टात याला टपाल ‘रिडायरेक्ट’ करणे म्हणतात. शिक्षकांच्या बदल्या होतात, तेव्हा जुन्या गावच्या पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवायची रीत होतीच. पोस्टमन जुना पत्ता खोडून नवा लिहितो आणि पत्र पुढे जाते. फरक इतकाच की पोस्ट ते पत्र स्वतः वाहून नेते. सर्व्हर मात्र नुसता पत्ता सांगून मोकळा होतो, चालायचे ब्राउझरने.

आता या ३०० च्या घरातल्या दोन संख्या नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण सगळा घोटाळा तेथेच होतो. ३०१ म्हणजे ‘कायमचे हलले’ आणि ३०२ म्हणजे ‘तूर्त दुसरीकडे आहे’. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीच्या मसुद्यातही या दोन्ही संख्या आहेत. म्हणजे पाने हलणार, आणि दोन प्रकारांनी हलणार, हे तेव्हाच ध्यानात घेतलेले होते.

दोन्हींतला फरक इंदापूर तालुक्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडले की भीमा आणि नीरा दोन्ही फुगतात. एखादा पूल पाण्याखाली गेला की पर्यायी मार्गाची पाटी लागते. त्या पाटीमुळे कोणी नकाशा बदलत नाही. पाणी ओसरले की पाटी निघते आणि लोक जुन्या रस्त्याने जाऊ लागतात. हे झाले ३०२. याच तालुक्यातल्या पळसदेवची गोष्ट वेगळी. उजनीच्या जलाशयात जुने गाव बुडाले आणि गाव नव्या जागी वसले. जलाशय फार आटला की पळसनाथाचे जुने देऊळ पाण्याबाहेर दिसते, पण म्हणून कोणी परत तेथे राहायला जात नाही. नकाशा बदलावाच लागला. हे ३०१.

दोन्ही संख्यांनी वाचक नव्या पानावरच पोचतो. मग फरकाने काय बिघडते? बिघडते ते असे की या संख्या वाचणारी यंत्रे त्यांवर विश्वास ठेवून वागतात. गूगलसारखी शोधयंत्रे ३०१ दिसले की जुन्या पत्त्याची मिळकत, म्हणजे त्या पत्त्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या दुव्यांचे वजन, नव्या पत्त्याच्या खात्यावर चढवतात आणि शोधाच्या यादीत नवा पत्ता दाखवू लागतात. ३०२ दिसले तर जुनाच पत्ता यादीत ठेवण्याकडे त्यांचा कल असतो. पान परत येणार आहे ना! ब्राउझरही ३०१ लक्षात ठेवू शकतो. पुढच्या वेळी तो जुन्या सर्व्हरला विचारतही नाही, थेट नव्या पत्त्यावर जातो. म्हणूनच दोन दिवसांच्या दुरुस्तीसाठी कोणी ‘कायमचे’ म्हणून सांगून बसला, तर ते परत घेणे अवघड जाते. ज्यांच्या ब्राउझरने ते ऐकले ते जुन्या दारी विचारायलाच येत नाहीत, मग त्यांना सांगणार कसे?

(३०७ आणि ३०८ अशाही दोन संख्या पुढे आल्या. भरलेला अर्ज पाठवताना ३०१ किंवा ३०२ मिळाले, तर अनेक ब्राउझर अर्ज टाकून देऊन नुसते पान मागत. नव्या दोन संख्या ‘अर्जासकट पुढे जा’ असे बजावतात. साध्या वाचनाच्या पानांना याची गरज नाही.)

आणखी एक संख्या मला आवडते, पण ती फार थोडे लोक वापरतात. ती म्हणजे ४१०. ‘हे पान होते, ते आम्ही जाणून काढून टाकले, आता शोधू नका.’ ४०४ मध्ये नुसते ‘माहीत नाही’ आहे. ४१० मध्ये माहिती आहे, आणि ती खरी आहे.

याच्या अगदी उलट एक वाईट खोड सर्रास दिसते. संकेतस्थळ नव्याने बांधले की जुन्या हजारो पत्त्यांची जुळणी कोण करत बसणार, म्हणून सगळेच्या सगळे पत्ते नव्या मुखपृष्ठाकडे वळवतात. त्रुटीचे पान दिसत नाही म्हणून काम छान झाल्यासारखे वाटते. पण नरसिंहपुरातल्या एका घराचा पत्ता घेऊन आलेल्या माणसाला इंदापूरच्या एसटी स्टँडवर सोडून द्यावे, त्यातलाच हा प्रकार. त्याने घर कसे शोधायचे? शिवाय ते घर पडले आहे की फक्त वाट चुकली आहे, हेही त्याला कळत नाही. त्यापेक्षा सरळ ४०४ बरे.

योग्य काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी दोन स्तंभांची यादी करायची. पाने फक्त एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेली असतील आणि पुढचा मार्ग तोच असेल, तर एका नियमात काम होते : जुन्या नावाखाली जे मागतील तेच नव्या नावाखाली द्या. गॅझेटियरसारख्या स्थळांतरात जुन्या मार्गाआधी एक फोल्डर वाढला, एवढाच बदल असेल तर तोही एका ओळीत मांडता येतो. १९९५ पासून वापरात असलेल्या अपाची या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये असा आदेश चार तुकड्यांचा असतो : आदेशाचे नाव, ३०१ ही संख्या, जुना मार्ग, नवा पत्ता.

मराठी विश्वकोशाच्या बाबतीत एका ओळीने भागले नसते. त्याच्या ‘मराठीविश्वकोश डॉट इन’ या जुन्या स्थळावर प्रत्येक नोंदीच्या पत्त्यात खंडाचा क्रमांक होता, पान तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची खूण होती, आणि शेवटी नोंदीचा आकडा होता. नंतरच्या ‘विश्वकोश डॉट मराठी डॉट जीओव्ही डॉट इन’ या स्थळावर नोंदीच्या पत्त्यात सर्व्हरच्या नावापुढे फक्त एक आकडा आला. तो जुन्या आकड्याहून वेगळा. अशा वेळी नियम चालत नाही, एकेका नोंदीची जोडी लावावी लागते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले होते की पत्त्यात प्रोग्रॅमचे नाव, खात्याचे नाव, ‘ताजे’ किंवा ‘मसुदा’ अशी स्थिती, यांपैकी काही घालू नये; या गोष्टी बदलतात आणि पत्ता त्यांच्याबरोबर मरतो. त्यांचे म्हणणे आपल्याकडे फारसे कोणी ऐकले नाही. जगातही नाही म्हणा.

याचे परिणाम मोजलेले आहेत. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडत नव्हती. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवून दिले की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या इंटरनेट पत्त्यांपैकी निम्म्या पत्त्यांवर मूळ मजकूर उरलेला नव्हता. न्यायाधीशाने ज्या पुराव्याकडे बोट दाखवले तो पुरावाच जागेवर नाही! यातली सगळीच पाने नष्ट झाली असे मात्र समजू नये. पान शाबूत असते आणि पाटी लावलेली नसते, हेही होते.

आम्हा संशोधकांना या दुखण्याचा त्रास लवकर झाला, म्हणून उपायही लवकर निघाला. २००० सालापासून शोधनिबंधांना डीओआय नावाचा क्रमांक देतात. हा क्रमांक निबंधाची ओळख असतो, जागा नव्हे. क्रमांक आणि सध्याचा पत्ता यांची यादी एका मध्यवर्ती व्यवस्थेत असते. प्रकाशकाने निबंध हलवला की त्याने यादीतला पत्ता बदलायचा. वाचकाच्या वहीतला क्रमांक तोच राहतो आणि दर वेळी ती व्यवस्था त्याला आजच्या पत्त्याकडे वळवते. ग्रंथपालाचे तालिका-कार्ड ते हेच.

शिक्षकांच्या रोजच्या हातातही अशीच एक वस्तू आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत दीक्षा या व्यवस्थेचे क्यूआर कोड छापले गेले. केंद्र सरकारने ती व्यवस्था २०१७ साली सुरू केली. कोडच्या चौकटीजवळ सहा अक्षरांकांचा एक संकेतही असतो. पुस्तक छापून लाखो मुलांच्या दप्तरांत गेले की चौकट बदलता येत नाही, पण त्या संकेतामागे कोणता व्हिडिओ किंवा कोणता स्वाध्याय जोडायचा, ते सर्व्हरवर बदलता येते. याउलट एखाद्या पुस्तिकेत फुकट मिळणाऱ्या ‘छोटा पत्ता’ सेवेचा पत्ता छापला, तर आपली पाटी दुसऱ्याच्या भिंतीवर लागते. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या अशा सेवेत २०१९ नंतर नवे पत्ते मिळेनासे झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वापर होत नसलेले जुने पत्ते बंद झाले. छापील पुस्तिकेकडे वर्षभर कोणी पाहिले नाही, तर तो पत्ता ‘वापर नसलेला’च ठरतो, नाही का?

भिंतीचा मुद्दा मोठा आहे. पाटी लावायची तर जुने घर, निदान त्याची भिंत, उभी असावी लागते. जुन्या सर्व्हरचे नाव भाडे भरून चालू ठेवले, तरच त्या नावाने आलेल्याला कोणी उत्तर देईल. गूगलचा सल्ला असा की वळणाची व्यवस्था किमान एक वर्ष ठेवावी. तो सल्ला शोधयंत्राच्या सोयीचा आहे. छापील पुस्तकाच्या वाचकाला एक वर्ष म्हणजे काहीच नव्हे. शाळेने किंवा संस्थेने नाव सोडून दिले, तर ते बाजारात कोणीही विकत घेऊ शकतो. मग शाळेच्या फाटकावर रंगवलेल्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उघडते, आणि मुलेच ती आधी पाहतात. याहूच्या मालकीची जिओसिटीज ही फुकट पानांची वसाहत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा पानांच्या लेखकांना पाटी लावायला भिंतच राहिली नाही.

विकिपीडियात वेगळ्याच कारणासाठी पाटी लागते. नरसिंहपूर, नरसिंगपूर, नीरा नरसिंहपूर अशी एकाच गावाची नावे लोक शोधतात. लेख एका नावाखाली ठेवून बाकीच्या नावांच्या पानांवर ‘पुनर्निर्देशन’ हा शब्द आणि मुख्य लेखाचे नाव एवढेच लिहितात. लेखाचे नाव बदलले की जुन्या नावाच्या जागी अशी पाटी आपोआप राहते. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद, आणि २०२४ मध्ये अहमदनगर, या जिल्ह्यांची नावे बदलली. जुन्या पुस्तकातले नाव घेऊन आलेल्यालाही अशा पाटीमुळे वाट सापडते. पण नुसते ‘नरसिंहपूर’ म्हणणाऱ्याला सांगली जिल्ह्यातले कोळे नरसिंहपूर हवे असेल, किंवा मध्य प्रदेशातला जिल्हा हवा असेल. तेथे परस्पर वळवणे चूक. अशा जागी पर्यायांची यादी देऊन निवड वाचकावर सोडतात.

हे सारे वर्गात अर्ध्या तासात करून दाखवता येते. पाच मुलांना सर्व्हर करा आणि प्रत्येकाच्या हाती एक बंद पाकीट द्या. अ च्या पाकिटात ‘३०१, ब कडे जा’. ब च्या पाकिटात ‘३०१, क कडे जा’. क च्या पाकिटात गॅझेटियरमधला एक परिच्छेद. ड च्या पाकिटात ‘४१०’. इ चे पाकीट कोरे. सहावा मुलगा ब्राउझर. त्याने फळ्याजवळून निघायचे, एकाला विचारायचे, परत फळ्याशी यायचे आणि मग पुढच्याकडे जायचे. परत येण्याचा नियम पाळाच, कारण खरा ब्राउझरही दर वेळी आपल्या जागेवरूनच नवी विचारणा करतो. अ पासून परिच्छेद मिळेपर्यंत किती पावले पडली ती मोजा. मग अ ची चिठ्ठी बदलून ‘क कडे जा’ अशी करा आणि पुन्हा मोजा. साखळी का टाळावी, ते मुलेच सांगतील.

मोठ्या वर्गात आकडेही घालता येतील. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १३,००० किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्याला ०.१३ सेकंद लागणारच. यंत्रे कितीही वेगवान झाली तरी हा वेळ कमी होत नाही. साखळीत तीन वळणे असतील, तर पान दिसण्याआधी सुमारे ०.४ सेकंद नुसता प्रवासात गेला. आता ब च्या चिठ्ठीवर ‘अ कडे जा’ आणि अ च्या चिठ्ठीवर ‘ब कडे जा’ असे लिहा. ब्राउझर झालेला मुलगा फिरत राहील आणि वर्ग हसू लागेल. खरे ब्राउझर अशी सुमारे वीस वळणे घेतात आणि मग थांबून तक्रार करतात. इ च्या कोऱ्या पाकिटाला काय म्हणायचे, यावर मुलांत वाद होऊ द्या. ४०४ म्हणायचे, की सर्व्हरने उत्तरच दिले नाही म्हणायचे?

खरी संख्या पाहायची असेल तर संगणकावरील ब्राउझरमध्ये एफ-१२ कळ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडा आणि एखादा जुना पत्ता टाका. पहिल्या ओळीत २००, ३०१, ३०२ किंवा ४०४ दिसेल, आणि वळण असेल तर नवा पत्ताही. पाटी नसेल तर तोच पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहावा. तेथे १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती तारखांसह ठेवल्या आहेत. जुन्या तळटिपेतला गॅझेटियरचा किंवा विश्वकोशाचा एखादा पत्ता यासाठी चांगला नमुना ठरेल.